सेंदाईचा समुद्र कोण दाखवणार?

सेंदाई हे समुद्रकाठचं शहर आहे, हे तिथे एक दिवस फिरून गेलेल्या पाहुण्याच्या अनेकदा लक्षातही येत नाही. तोक्योहून शिंकान्सेनने दीड-दोन तासांत माणूस सेंदाईला उतरतो. स्टेशनाबाहेर ‘लूपल’ नावाची जुन्या धाटणीची पर्यटक बस उभी असते. ती दाते मासामुने या सरदाराची समाधी झुइहोदेन, त्याच्या किल्ल्याची जागा, त्याने १६०७ मध्ये बांधून घेतलेलं ओसाकी हाचिमान मंदिर असं फिरवून पुन्हा स्टेशनावर आणून सोडते. हे महत्त्वाचे थांबे शहराच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या बाजूला आहेत. दुपारी उरलेल्या वेळात गाइड मात्सुशिमाला नेतो आणि समुद्र दिसतो तो तिथे, शेजारच्या गावात, बोटीच्या कठड्यावरून. सेंदाईचा स्वतःचा किनारा शहराच्या मध्यापासून पूर्वेला जेमतेम दहा किलोमीटरवर आहे, पण नेहमीच्या एकदिवसीय सहलीत तो बसत नाही. माझ्या मते ही सहल नेमकी उलटी बांधायला हवी. सेंदाईचा दिवस किल्ल्यावर सुरू व्हावा आणि पूर्वेकडे उतरत आराहामाच्या किनाऱ्यावर संपावा. या शहराचा इतिहास याच उतारावर घडला आहे, आणि तो उतार वाचून दाखवायला सोबत गाइड लागतोच.

सुरुवात किल्ल्यापासून करू. मासामुनेने १६०१ मध्ये आओबा टेकडीवर किल्ल्याचं काम सुरू केलं. पूर्वेला हिरोसे नदीच्या वरचा उभा कडा, दक्षिणेला तात्सुनोकुची घळ, पश्चिमेला दाट जंगल. जागाच इतकी अवघड होती की जपानी किल्ल्यांत दिसतो तसा मधला उंच मनोरा इथे बांधलाच नाही. आज वर मुख्यतः दगडी तटबंदी आणि मासामुनेचा घोड्यावरचा पुतळा एवढंच आहे. पहिला पुतळा १९३५ चा, तो युद्धात धातूसाठी वितळवला गेला. आताचा १९६४ मध्ये पुन्हा ओतलेला. मार्च २०२२ च्या भूकंपात तोही कलला आणि दुरुस्त होऊन २०२३ मध्ये जागेवर आला. तटबंदीचे दगडही २०११ आणि २०२२ अशा दोन्ही भूकंपांत ढासळले. गाइड इथे बहुधा मासामुनेचा देवीच्या आजारात गेलेला डोळा आणि शिरस्त्राणावरची चंद्रकोर यांच्या गोष्टी सांगतो. त्या सांगाव्यातच. पण याच जागी पाहुण्याला पूर्वेकडे तोंड करून उभं करावं आणि खालचं शहर पायरीपायरीने दाखवावं. टेकडीखाली नदीने लाखभर वर्षांत घडवलेल्या सपाट पायऱ्या आहेत. मासामुनेने आपलं शहर त्या पायऱ्यांवर वसवलं आणि हिरोसे नदीचं पाणी पाटांनी गल्लोगल्ली फिरवलं. पायऱ्या जिथे संपतात तिथून एक जिवंत भूभ्रंश जातो. त्याच्या पलीकडे पार समुद्रापर्यंत अगदी सपाट मैदान आहे. हवा स्वच्छ असेल तर मैदानापलीकडे पॅसिफिकची रेघ दिसते. सेंदाईची सगळी समृद्धी या मैदानातल्या भातावर उभी राहिली. सेंदाईवर सगळ्यात मोठं संकट आलं तेही याच मैदानावरून.

त्सुनामीचं हे संकट मासामुनेलाही स्वतः अनुभवावं लागलं होतं. २ डिसेंबर १६११ रोजी मोठी त्सुनामी आली आणि त्याच्या मुलखातली दीड हजारांहून अधिक माणसं बुडाल्याची नोंद दाते घराण्याच्या दप्तरात आहे. सेबास्तियान विझकाइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी त्याच सुमारास या किनाऱ्याची मोजणी करत होता. त्यानेही ती लाट पाहिली आणि लिहून ठेवली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १६१३ मध्ये, याच मुलखातून ‘सान हुआन बाउतिस्ता’ हे जहाज हासेकुरा त्सुनेनागा या सरदाराला घेऊन मेक्सिकोकडे निघालं. हासेकुरा पुढे रोमपर्यंत पोहोचला. जहाज बांधायचा बेत आणि त्सुनामीची हानी यांचा थेट संबंध लावणं धाडसाचं ठरेल, तरी समुद्राने इतका मोठा तडाखा दिल्यावर लगेच समुद्रावरच भरवसा टाकणारा हा राज्यकर्ता होता, एवढं या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं. किनाऱ्याला समांतर जाणारा तेइझान कालवा त्याच वृत्तीचा. तेइझान हे मासामुनेचं मरणोत्तर नाव. कालव्याचा दक्षिणेकडचा पहिला तुकडा त्याच्या काळातला, उत्तरेचा सतराव्या शतकातला, आणि आराहामाजवळून जाणारा मधला तुकडा एकोणिसाव्या शतकात, मेइजी काळाच्या सुरुवातीला खोदलेला. लाकूड, धान्य उघड्या समुद्रात न नेता आतल्या शांत पाण्यातून न्यावं, हा त्यामागचा हिशेब. काठावर उभा राहिलेला पाहुणा या पाण्याला सहज साधा ओढा समजेल. ही जवळपास पावणेतीनशे वर्षं टप्प्याटप्प्याने चाललेली योजना होती, हे कोणी सांगितल्याशिवाय कळण्याची काही सोय नाही.

किल्ल्याकडून किनाऱ्याकडे जायला आता सोपं साधन आहे. ६ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेली तोझाई ही भुयारी रेल्वे पश्चिमेच्या यागियामा टेकडीवरून निघते. तिथलं स्टेशन समुद्रसपाटीपासून १३६ मीटर उंच जमिनीखाली आहे आणि जपानमधल्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत ते सगळ्यात उंचावरचं मानलं जातं. तिथून आओबायामा, मग शहराचा मध्य आणि शेवटी मैदानातलं आराई. चौदा किलोमीटरच्या आत ही गाडी सेंदाईचा भूगोल आडवा कापून दाखवते. आराईजवळ या रेल्वेची कारशेड बांधायची होती, म्हणून आधी तिथे पुरातत्त्व खात्याच्या पद्धतीने उत्खनन झालं. खाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भातशेती सापडली, आणि त्या शेतांवर पसरलेला समुद्राच्या वाळूचा थर. त्सुनामीने ती शेतं गाडली होती आणि पुढे बराच काळ तिथे कोणी नांगर धरला नव्हता. हे उत्खनन २०११ च्या त्सुनामीच्या आधीचं आहे. इसवी सन ८६९ च्या मोठ्या भूकंपाचं वर्णन जुन्या राजबखरीत आहे: सेंदाईच्या ईशान्येला असलेल्या तागा किल्ल्यापर्यंत समुद्र आला आणि हजारेक माणसं बुडाली. त्या त्सुनामीची वाळू तोहोकु विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ कोजी मिनोउरा आणि इतर संशोधकांनी १९९० पासून सेंदाईच्या शेतांखाली शोधून काढली. समुद्र कित्येक किलोमीटर आत येऊ शकतो आणि पुन्हा येईल, हे त्यांनी छापून सांगितलं होतं.

तिसरी खूणही होती. वाकाबायाशी भागात, किनाऱ्यापासून साडेपाच किलोमीटर आत, नामिवाके नावाचं छोटं देऊळ आहे. पूर्वी आलेली लाट इथे दुभंगली आणि मागे फिरली, अशी तिथली परंपरा आहे. २०११ मध्ये पाणी या देवळाच्या अलीकडेच थांबलं. म्हणजे बखर, देऊळ आणि वाळू असे तीन साक्षीदार हजर होते. तरीही मोठी त्सुनामी उत्तरेच्या सानरिकु किनाऱ्यावरच्या अरुंद खाड्यांत येते, सेंदाईच्या मैदानात नाही, असाच सर्वसाधारण समज होता. सानरिकुच्या बाजूला आनेयोशी नावाच्या वाडीत १९३३ च्या त्सुनामीनंतर दगड उभारला गेला: याच्या खाली घर बांधू नका. लोकांनी ते पाळलं आणि २०११ मध्ये पाणी दगडापर्यंत पोहोचलं नाही, वाडी वाचली. आनेयोशीचा दगड आणि नामिवाकेचं देऊळ यांत फरक काय? दगडावर आज्ञा कोरलेली होती आणि वाडीत ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. देवळाचा अर्थ मात्र सांगणारी माणसं वाढत्या शहरात विरळ झाली, आणि खूण जागेवर असूनही मुकी झाली. माझा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे. जागा स्वतःहून बोलत नाही. तिथे उभं राहून सांगणारा माणूस लागतो. सेंदाई-इशिनोमाकी रेल्वेवर २०११ च्या त्सुनामीच्या दुपारी याचा पडताळा आला. नोबिरु स्टेशनातून सुटलेली एक गाडी उंचवट्यावर थांबली होती. नियमानुसार प्रवाशांना उतरवून शाळेत न्यायचं चाललं होतं, तेव्हा एका स्थानिक प्रवाशाने सांगितलं की ही जागा त्याहून उंच आहे, इथेच थांबा. ते थांबले आणि वाचले. त्याच स्टेशनातून विरुद्ध दिशेला निघालेली गाडी लाटेने उचलून नेली.

आराईहून बसने पंधरा-वीस मिनिटांत आराहामाची शाळा येते. इथे सहलीचा सर्वाधिक वेळ द्यावा. किनाऱ्यापासून सुमारे सातशे मीटरवर असलेली ही चार मजली प्राथमिक शाळा ३० एप्रिल २०१७ पासून सेंदाई महापालिकेने स्मृतिस्थळ म्हणून खुली ठेवली आहे. प्रवेश मोफत आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २.४६ ला ९ तीव्रतेचा भूकंप झाला. लाट यायला तासाभराहून अधिक वेळ होता. तेवढ्यात मुलं, शिक्षक आणि गावकरी मिळून ३२० माणसं शाळेत वर चढली. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं, म्हणजे आपण ज्याला पहिला मजला म्हणतो तिथपर्यंत. व्यायामशाळेतलं घड्याळ ३.५५ ला थांबलं. हेलिकॉप्टरने माणसं एकेक करून उचलायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. शाळेतला सगळ्यात बोलका तपशील मात्र वाकलेल्या कठड्यांत किंवा चिखलाच्या खुणांत नाही. आदल्या वर्षी चिलीतल्या भूकंपामुळे त्सुनामीचा इशारा आला होता. त्या अनुभवावरून शाळेने आपत्तीसाठी ठेवलेली पांघरुणं आणि सामान व्यायामशाळेतून काढून मुख्य इमारतीच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. मार्चच्या गोठवणाऱ्या रात्री ते हाताशी होतं, आणि व्यायामशाळा पाण्याखाली होती. असा साधा, कंटाळवाणा वाटणारा निर्णय फोटोत दिसत नाही. तो सांगावा लागतो.

शाळेच्या गच्चीवरून जे दिसतं तेही समजावून घ्यावं असं आहे. आराहामा परिसरात सुमारे ८०० कुटुंबं, २,२०० माणसं राहत होती. त्यातली १९० हून अधिक दगावली. आता शाळेभोवती वस्ती नाही. किनाऱ्याच्या पट्ट्यात नवी घरं बांधायला महापालिकेने बंदी घातली आणि लोकांना आत नेऊन वसवलं. काही घरांचे पाये मुद्दाम राखले आहेत. पुढे किनाऱ्यावर ७.२ मीटर उंचीचा बांध आहे, त्यामागे पुन्हा लावलेलं झाडांचं रान, मग चढून जायला केलेल्या मातीच्या टेकड्या, मग सहा मीटर उंच भराव घालून वर घेतलेला रस्ता, आणि त्याच्याही मागे जुना द्रुतगती मार्ग. या द्रुतगती मार्गाचा भराव सात ते दहा मीटर उंच आहे. तो वाहतुकीसाठी बांधला होता, पण २०११ मध्ये पुष्कळ ठिकाणी पाणी त्यानेच अडवलं आणि सुमारे २३० माणसं त्यावर चढून वाचली. आता त्या उतारावर माणसांसाठी जिने बसवले आहेत. एकाच भिंतीवर विसंबायचं नाही, थरावर थर ठेवायचे आणि शेवटी माणसाला पळायला वाट ठेवायची, हे धोरण इथे डोळ्यांनी पाहता येतं. १८ मार्च २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत याच शहरात जो आपत्ती-जोखमीबाबतचा ‘सेंदाई आराखडा’ मंजूर झाला, त्याचं पहिलं प्राधान्य धोका समजून घेणं हेच आहे. आपल्याकडच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या अहवालांत ज्याचं नाव येतं तो आराखडा, आणि त्या नावाचं शहर मात्र पर्यटकाला फक्त किल्ला दाखवून परत पाठवतं!

यावर पहिला आक्षेप येतो तो दुःखाचा बाजार मांडण्याचा. जिथे माणसं गेली तिथे कॅमेरा घेऊन जावं का? आक्षेप गंभीर आहे आणि जगात काही ठिकाणी तो खराही ठरला आहे. पण इथे निर्णय कोणी घेतला ते पाहावं. ही जागा एखाद्या सहल कंपनीने शोधून काढलेली नाही. शहराने ती जतन केली आणि लोकांनी यावं म्हणून दार उघडलं. या किनाऱ्यावर आपल्यावर ओढवलेलं सांगणाऱ्या माणसांची, ‘कातारिबे’ लोकांची, परंपरा आहे आणि त्यांना श्रोते हवे आहेत. शिवाय आराहामा म्हणजे फक्त शोक नव्हे. जवळच २०२१ मध्ये फळबाग सुरू झाली, तिथे लोक फळं तोडायला येतात. फुकानुमा हा शहराचा एकमेव पोहण्याचा किनारा २०२४ च्या उन्हाळ्यात रीतसर पुन्हा खुला झाला. न येणं हा आदर दाखवण्याचा एकच मार्ग नाही. कसं वागायचं हे मात्र गाइडने आधी सांगायला हवं: शाळेत आवाज खाली, घरांच्या पायांवर उभं राहून फोटो नाही, आणि स्थानिक माणसाला ‘तुमचं कोण गेलं’ असं कधीही विचारायचं नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि सौंदर्याचा. पाहुण्याकडे एकच दिवस आहे, आणि मात्सुशिमा हे जपानच्या तीन नामांकित दृश्यांपैकी एक, ते सोडायचं? अडीचशेहून अधिक पाइनने झाकलेली बेटं, मासामुनेने पुन्हा बांधलेलं आणि १६०९ मध्ये पुरं झालेलं झुइगान मंदिर, हायकू-कवी बाशो १६८९ मध्ये इथे येऊन गेला ती आठवण, हे काही कमी मोलाचं नाही. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करावं. पण मात्सुशिमाही पुरती समजते ती आराहामाशी जोडूनच. तिच्या बेटांनी आणि उथळ उपसागराने २०११ ची लाट मोडली, म्हणून शेजारच्या नोबिरुत हाहाकार माजला तरी मात्सुशिमाचा मुख्य भाग त्यामानाने वाचला. झुइगानच्या वाटेवर दुतर्फा ‘सुगी’ म्हणजे जपानी सीडरची उंच झाडं होती; त्यातली सुमारे तीनशे खाऱ्या पाण्याने मरू लागली आणि तोडावी लागली. आज ती वाट मोकळी दिसते, आणि ती मूळचीच तशी होती असं समजून लोक पुढे जातात. एकच निवडायचं असेल तर माझा कौल स्पष्ट आहे. मात्सुशिमाचं सौंदर्य गाइडशिवायही भेटतं, बोटीवर ध्वनिफीत असते आणि डोळे पुरतात. आराहामा गाइडशिवाय अर्ध्याहून अधिक निसटते. गाइडचे पैसे जिथे त्याची गरज जास्त, तिथे खर्च करावेत.

तिसरा आक्षेप असा की गाइड पाठ केलेलं बोलतो. तेच फोनवर वाचता येतं. वाचता येतं, यात शंका नाही. या लेखातलं बरंचसं वाचूनच कळण्यासारखं आहे. पण ८६९ ची बखरही वाचता येतच होती. माहिती उपलब्ध असणं आणि ती योग्य जागी, योग्य वेळी माणसाच्या कानावर पडणं यात अंतर आहे, आणि सेंदाईच्या मैदानाने त्या अंतराची किंमत मोजली. पाठ केलेलं बोलणं हा दोषही नाही. आनेयोशीच्या वाडीत तेच तेच वाक्य सांगितलं जात होतं म्हणूनच ते टिकलं. गाइड वाईट असू शकतो, हे खरं. त्याची पारख करायला एकच प्रश्न पुरेसा आहे: द्रुतगती मार्गाजवळून जाताना तो भरावाबद्दल काही बोलतो का? न बोलता पुढे गेला, तर त्याला दृश्यं माहीत आहेत, शहर नाही.

मराठी वाचकाला हे सगळं दूरच्या देशातलं वाटायचं कारण नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. तिथेही माणसं बुडाली. ‘मुंबई दर्शन’ घडवणाऱ्या गाइडच्या तोंडी हे क्वचितच येत असेल. मराठी सहल कंपन्यांच्या जपानवाऱ्या बहुतेक तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका, हिरोशिमा याच वाटेने जातात. हिरोशिमात आपली माणसं गांभीर्याने उभी राहतात, तेव्हा आराहामा त्यांना झेपणार नाही असं मानायला आधार नाही. व्यवहाराच्या बाजूनेही आता अडचण कमी आहे. जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन त्यांच्या भाषेत फिरवायला सरकारी परवाना लागत असे. जानेवारी २०१८ पासून ती अट उठली. परवानाधारकांचं पद राहिलं, पण विनापरवाना माणूसही हे काम करू शकतो. त्यामुळे निवड वाढली आणि पारखण्याची जबाबदारी पाहुण्यावर आली. सेंदाईची सहल ठरवताना विचारायचं ते इतकंच: सकाळी किल्ल्यावर मैदान दाखवणार का, तोझाई रेल्वेने आराईला उतरणार का, शाळेच्या गच्चीवर किमान तासभर देणार का, आणि शाळा बंद असण्याचे दिवस टाळले आहेत का.